आई-बाबा, करार वाढवला आहे

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि बाबा नुसतं "बरं" म्हणून गप्प बसले असते, म्हणून लिहितेय. फिजीतल्या विद्यापीठातला माझा करार मी वाढवून घेतला आहे. सही झाली. दादाला माहीत होतं, पण मीच त्याला गप्प राहायला सांगितलं होतं, तेव्हा त्याच्यावर रागावू नका.

आई, आधी तुझी काळजी. "समुद्रातला ठिपका" असं तू म्हणतेस, पण फिजीच्या तीनशेच्या वर बेटांपैकी विती लेवू हे सगळ्यांत मोठं, आणि देशातली सुमारे पाऊण लोकसंख्या इथेच राहते. मी काही ओसाड जागी नाही. मंडईत आलं, हळद, कोथिंबीर, भेंडी सगळं मिळतं. अळू तर इथलं रोजचं अन्न. गेल्या रविवारी वड्या केल्या, चिंच जरा जास्त झाली, पण गुंडाळी तू शिकवलीस तशीच घट्ट. मलेरिया इथे नाही. डेंग्यू असतो, म्हणून मच्छरदाणी लावते.

बाबा, नकाशा काढलाच असेल तर बेटाच्या मधोमध बघा. तोमानिवी शिखर, १,३२४ मीटर. आग्नेयेचे वारे या डोंगररांगेला अडतात, म्हणून राजधानी सुवाच्या बाजूला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि पलीकडे नांदी-लौतोकाला उघडीप. आपलं कोकण आणि देश जसा. ऊस अर्थातच पलीकडे.

लौतोकाचा साखर कारखाना १९०३ चा. हंगाम जूनच्या सुमाराला सुरू होतो, आपली धुराडी थंड झाल्यावर. ट्रक असतातच, पण अरुंद रुळांवरून छोटं इंजिन उसाचे उघडे डबे ओढत आणतं. फाटकाशी उभी होते तर डबे अगदी हाताच्या अंतरावरून गेले, आडव्यातिडव्या कांड्या, टोकांना सुकलेली माती. आणि मळीचा तोच वास, तुम्ही रात्रपाळीहून आलात की शर्टाला यायचा तो. मी तो शर्ट उशीखाली घेऊन झोपायचे, आठवतं ना?

त्या उसामागची गोष्ट मी इथे शिकवते, आणि खरं सांगायचं तर राहण्याचं कारण तेच आहे. १८७४ मध्ये इंग्रजांनी बेटं ताब्यात घेतली, दुसऱ्याच वर्षी गोवर आला आणि सुमारे चाळीस हजार माणसं गेली. गव्हर्नर गॉर्डनने ठरवलं की इथल्या मूळ गावकऱ्यांना मळ्यांवर जुंपायचं नाही, जमीन त्यांच्या भावकीकडेच ठेवायची. मग मळ्यांना माणसं कुठून आणायची? तो त्रिनिदाद आणि मॉरिशसमध्ये राज्य करून आलेला, उत्तर त्याला पाठ होतं. १४ मे १८७९ रोजी 'लिओनिदास' जहाज कलकत्त्याहून गिरमिटियांना, म्हणजे कराराने बांधलेल्या मजुरांना, घेऊन आलं. १९१६ पर्यंत साठ हजारांवर माणसं आली, पुढे मद्रासहूनही. आपल्याकडची माणसं मॉरिशसला गेली, इकडे फारशी नाहीत, म्हणून आपल्या घरात हे कधी कानावर पडलं नाही.

एकाची जमीन वाचवण्यासाठी दुसऱ्याला आणलं. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऊस पिकवला त्यांच्या हाती भाडेपट्टा तेवढा, आणि मुदत संपल्यावर कितीतरी घरं उठली. माझ्या वर्गात दोन्हीकडची मुलं शेजारी बसतात. १८७५ चा गोवर आणि १८७९ चं जहाज एकाच तासाला शिकवते तेव्हा ती एकमेकांना प्रश्न विचारू लागतात. हे अर्ध्यावर सोडवत नाही, बाबा. तुम्हीही हंगाम संपल्याशिवाय सुट्टी घेतली नाहीत.

बंडांचं तुम्ही वाचलं आहे, १९८७, २००० आणि २००६. खोटं कशाला सांगू, ते झालं. पण २०२२ ला सरकार मतपेटीतून बदललं. वादळांचा काळ नोव्हेंबर ते एप्रिल. २०१६ च्या विन्स्टनने ४४ माणसं नेली, त्यामुळे इथे आता इशारा आला की कोणी हलगर्जीपणा करत नाही. माझी इमारत पक्की आहे, उंचावर आहे. पाणी, टॉर्च, औषधं एका पिशवीत भरून ठेवली आहेत.

तुमच्यापासून लांब राहणं मला सोपं जातं असं मनातही आणू नका.

आता ऐका. बाबा, मोतीबिंदू दिवाळीआधी काढून घ्यायचा, "बघू" चालणार नाही. दादा सुट्टी घेणार आहे. साखर जेवणाआधी आणि नंतर, दोन्ही वेळची वहीत लिहायची. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणला नव्हता. माळ्यावर चढायचं नाही, डबे खाली काढून घ्यायला शेजारच्या काकूंच्या मुलाला सांग. संध्याकाळी फोन केलात तर इथे मध्यरात्र होते. सकाळी चहा झाला की करा, तेव्हा माझी जेवणाची सुट्टी असते. थंडी पडली की दोघांचे पासपोर्ट नव्याने करायला टाका, फोटो दादा काढेल.

तुमची,
छकुली