अण्णा, ती ट्रंक रद्दीत देऊ नका

न्यूयॉर्क, रविवार

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

आई फोनवर म्हणाली, दिवाळीआधी माळा मोकळा करायचाय, तुमची काडेपेट्यांच्या छापांची ट्रंकही काढायची. तुम्ही नुसतं "जाऊ दे" म्हणालात. ते ऐकल्यापासून चैन नाही, म्हणून फोन न करता सविस्तर लिहिते आहे.

काल मेट्रोपॉलिटन म्युझियमला गेले होते. तिथे अमेरिकन विभागात जुनी बेसबॉल कार्डं मांडली आहेत, काडेपेटीहून थोडी मोठी. पूर्वी इथे सिगारेटची पाकिटं मऊ कागदाची असत, सिगारेटी चेपू नयेत म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत. १८८० च्या सुमारास कंपन्यांनी त्यावर चित्रं छापायला सुरुवात केली: नट्या, पक्षी, झेंडे, खेळाडू. पोरं ती बापाकडून मागून घेत. तुम्ही टपरीवरून रिकाम्या पेट्या आणायचात ना, अगदी तसंच.

ही कार्डं जेफरसन बर्डिक या माणसाने म्युझियमला दिली. जन्म १९०० चा. सिराक्यूज गावात विजेच्या सामानाच्या कारखान्यात सुटे भाग जोडायचं काम करायचा. लग्न केलं नाही. संधिवाताने हात-पाय आखडत गेले, तरी तुटपुंज्या पगारातून कार्डं घेत राहिला. नुसती साठवली असती तर आज कोणी नाव घेतलं नसतं. त्याने त्यांना क्रम लावला. १९३७ मध्ये संग्राहकांसाठी छोटं पत्रक काढलं आणि १९३९ मध्ये सगळ्या कार्डांची सूची छापली. पुढच्या आवृत्त्यांत एकोणिसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना 'एन', विसाव्या शतकातल्यांना 'टी' आणि पुढे एकेका संचाला आकडा. त्यामुळे दूरच्या गावातल्या दोघांना पत्रातून नेमकं कळू लागलं की आपण एकाच कार्डाबद्दल बोलतोय. आजही लोक 'टी-२०६' म्हणतात, तो त्याचाच आकडा.

त्या संचात होनस वॅग्नर नावाच्या खेळाडूचं कार्ड आहे. त्याची छपाई मध्येच थांबली, म्हणून ती फार थोडी उरली. बर्डिकने सूचीत त्याची किंमत ५० डॉलर लिहिली होती. २०२२ मध्ये एक ७२ लाख ५० हजार डॉलरना विकलं गेलं. पण अण्णा, मला त्याचं मोल या आकड्यात दिसत नाही.

१९४७ पासून बर्डिक आपला संग्रह हप्त्याहप्त्याने म्युझियमला देऊ लागला. तीन लाखांहून जास्त कागद, त्यातली तीस हजारांवर बेसबॉल कार्डं. तिथल्या चित्रमुद्रण विभागाचे प्रमुख हायट मेयर यांनी त्याला विभागातच एक टेबल दिलं. १९५९ मध्ये तो न्यूयॉर्कला राहायला आला आणि आखडलेल्या बोटांनी एकेक कार्ड वहीत डिंकाने चिकटवत राहिला. जानेवारी १९६३ मध्ये शेवटचं कार्ड चिकटवलं. मार्चमध्ये तो गेला. आजचे संग्राहक डिंक लावल्याबद्दल हळहळतात, त्यांचंही बरोबर आहे. पण विखुरण्यापेक्षा चिकटलेलं बरं, असं मला वाटतं.

तुमच्या वह्यांतही आजीने केलेली खळ आहे. घोडा, कोंबडा, जहाज, मोर, सगळे मला पान उलटण्याआधी आठवतात. पण कोणता छाप कुठल्या गावी, कुठल्या साली मिळाला, हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे, आणि ते कुठेच लिहिलेलं नाही.

म्हणून विनंती. ट्रंक खाली काढा, पण तुमच्या कॉटजवळ ठेवा. हात दुखत असतील तर लिहू नका. रोज संध्याकाळी दोन पानं रोहनला सांगा, तो छापाखाली पेन्सिलीने लिहील. पेनने नको, शाई उतरते. आईशी मी बोलते. मे महिन्यात येते आहे, तेव्हा उरलेल्या वह्या आपण दोघं मिळून करू.

आजीच्या फोटोला माझा नमस्कार.

तुमची,
मनू