ढाक्याचे खापर एकट्या जमील यांच्यावर नको

संपादक महोदय,

भारतीय फुटबॉल संघ ढाक्यात बांगलादेशाकडून ०-१ असा हरला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ‘अखेर आपला माणूस आला’ म्हणून डोक्यावर घेतलेले संघाचे प्रशिक्षक खालिद जमील एका रात्रीत नालायक ठरले. मुळात आशिया कपची दारे त्याआधी महिनाभर, मडगावातच बंद झाली होती. तिथे आघाडी घेऊनही सिंगापूरकडून १-२ हार झाली, ती जमील यांच्याच खात्यावर मांडावी. पण पात्रता फेरीतल्या पहिल्या दोन सामन्यांत एकच गुण मिळाला, तेव्हा प्रशिक्षक मानोलो मार्केझ होते, हे कुणी आठवत नाही. आणि सप्टेंबरमध्ये याच जमील यांच्या संघाने ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवून काफा नेशन्स कप या मध्य आशियाई स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला, तेही विसरले गेले.

खरे तर त्यांना लोकप्रियता मुंबईने दिलीच नाही. जन्म कुवेतचा असला तरी कारकीर्द इथली. महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाकडून मधल्या फळीत खेळले, भारताकडूनही खेळले, पण दुखापतींनी खेळाडू म्हणून फार पुढे जाऊ दिले नाही. २००९ ते २०१६ मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. बचाव भक्कम ठेवायचा, चेंडू लांब मारायचा, कसाबसा गुण मिळवायचा! कूपरेजवर तो खेळ बघताना जांभया यायच्या आणि तो मला आजही आवडत नाही. मात्र तुटपुंज्या पैशांत त्यांनी संघ एकदाही खालच्या श्रेणीत जाऊ दिला नाही. ते गेले, पुढच्याच मोसमात संघ तळाला गेला आणि क्लबला टाळे लागले. महिंद्रचा संघ तर त्याआधीच, २०१० मध्ये, बंद झाला होता. ज्यांच्यासाठी राबले ते क्लबच उरले नाहीत, मग या शहरात त्यांच्या नावाने टाळ्या वाजवणार कोण?

टाळ्या मिळाल्या त्या मिझोराममध्ये. आदल्या मोसमात घसरलेला आणि भारतीय फुटबॉल महासंघाच्या कृपेने परत आलेला ऐजॉलचा संघ त्यांनी २०१६-१७ मध्ये मोहन बागानला एका गुणाने मागे टाकत आय-लीग या राष्ट्रीय लीगचा विजेता केला. सोबत आशुतोष मेहता, जयेश राणे ही मुंबई एफसीतलीच मुले होती. पुढे नॉर्थईस्ट युनायटेड या क्लबला इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) उपांत्य फेरीत नेणारे पहिले भारतीय प्रशिक्षकही तेच. (पुढच्या मोसमात तोच संघ पार खाली घसरला, हेही सांगायला हवे.)

प्रश्न विचारायचेच तर महासंघाला विचारा. २०२५ मध्ये लीग रखडली होती, खेळाडूंना सामन्यांचा सराव नव्हता आणि गोल करायला एक्केचाळिशीतल्या सुनील छेत्रीकडेच बघावे लागत होते. इतकी वर्षे त्याच्या जागी दुसरा का घडला नाही, याचे उत्तर ऑगस्टमध्ये आलेल्या प्रशिक्षकाकडे कुठून असणार?

— एक वाचक, माहीम, मुंबई