शंकरातलं टिंब

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगणार होते. पण फोनवर आई आधी "जेवलीस का" विचारते, मग बाबा पाण्याच्या टाकीचं काढतात आणि मुख्य गोष्ट राहून जाते. म्हणून पत्र. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा. मधलं गाळू नका, तुम्ही गाळता.

मी डाव्या हातावर टॅटू काढलाय. काढणार नाहीये, काढलाय. तीन आठवडे झाले, जखम भरली, ताप आला नाही. आई, आता श्वास घे.

तू काय म्हणणार ते मला इथे पुण्यात ऐकू येतंय. "अकरा वर्षं सुया टोचून घेतल्यास, त्या कमी पडल्या का?" खरं सांगू? टॅटूची सुई अगदीच वेगळी. ती कातडीत एक-दीड मिलिमीटर जाते आणि तिला शीर सापडावी लागत नाही. माझा हात धरून "शीर मिळत नाहीये, मूठ आवळा, अजून आवळा" असं कोणी म्हणालं नाही. मी मूठ उघडी ठेवून बसले होते.

डॉक्टरांना न विचारता काही केलेलं नाही. आधी त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, माझं मत विचारशील तर नको. ऐकणारच नसशील तर माझ्या अटींवर. ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच अंगावर उलटते तो माझा आजार, सहा महिने शांत हवा, लघवीत प्रोटीन नको, प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी ठीक हव्यात, स्टिरॉइड पाच मिलिग्रॅमच्या वर नको. आपल्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात, त्यामुळे साधी जखमही चिघळू शकते, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. लाल शाई तर नाहीच, अ‍ॅलर्जी सगळ्यांत जास्त तिचीच होते. म्हणून नुसती काळी. सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडलं. शाईत नळाचं पाणी घालत नाहीत ना, हेही मी विचारलं. तो मुलगा म्हणाला, ताई, तुम्ही इन्स्पेक्टर आहात का?

आणि एकदम सगळं नाही केलं. ऑगस्टमध्ये आधी फक्त एक टिंब काढलं, पेन्सिलीच्या टोकाएवढं. अंगाला शाई सोसते का बघायला. "एवढंच?" असं त्याने तीनदा विचारलं आणि पैसे मात्र पूर्ण घेतले. पाच महिने ते टिंब गप्प बसलं. दिवाळीत मी तुमच्याकडे आले तेव्हा ते हातावर होतं, आई. तू अभ्यंगाचं तेल लावायला बोलावलंस आणि मी माझं मी लावते म्हणाले, ते त्यामुळे. तुला वाईट वाटलेलं मला दिसलं होतं. उन्हापायी मी बारा महिने पूर्ण बाह्या घालते, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. या आजाराने लपवायला तरी मदत केली.

जानेवारीत त्याच्याशेजारी तुळस काढली. आजीच्या हातावर होती तीच, खाली चौकोनी वृंदावन आणि वर तीन फांद्या. आगपेटीएवढी आहे, रक्त काढतात त्या जागेच्या चार बोटं खाली. ल्युपसवाले बरेच जण फुलपाखरू काढतात, गालावरच्या चट्ट्याचा आकार तसा असतो म्हणून. मला नको होतं. ते चेहऱ्यावर एकदा येऊन गेलं तेवढं पुरे. तेव्हा आई, तू "ऊन लागलंय" म्हणून कोरफड लावत होतीस आणि अजून स्वतःला दोष देतेस. अगं, उन्हाने तो चट्टा खरंच वाढतो. तू अर्धी बरोबर होतीस. उरलेलं अर्धं तीन डॉक्टरांनाही कळलं नव्हतं.

टिंब कसलं ते बाबांना कळलं असेल. पालच्या जत्रेत गोंदणारणीने आजीच्या हातावर "शकर" लिहिलं. आजीला वाचता येत नव्हतं, आजोबा बोलले नाहीत आणि पहिलीतल्या तुम्ही चारचौघांत वाचून दाखवलंत. मार अजून आठवतो म्हणता ना? ते राहिलेलं टिंब आता माझ्याकडे आहे.

बाबा, एक विज्ञानाचं, खास तुमच्यासाठी. शाई कातडीत टिकते कारण प्रतिकारशक्तीच्याच पेशी तिला गिळून बसतात. एक पेशी मेली की तिच्यातली शाई दुसरी गिळते. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर हे दाखवून दिलं. आजार समजावताना तुम्ही आईला म्हणाला होतात, "राखणीचा कुत्रा घरच्यांनाच चावतोय." तोच कुत्रा आता तुळशीपाशी बसून आजीचं टिंब राखतोय. मला त्याची गंमत वाटते. तुम्हाला नाही वाटली तरी चालेल.

लपवायचं नाही म्हणून हेही सांगते. चौथ्या दिवशी एका फांदीच्या टोकाशी लाली आली. दोन रात्री मी दर दोन तासांनी ताप मोजला. डॉक्टरांना फोटो पाठवले, त्यांनी बोलावून पाहिलं, ती आपोआप उतरली. नंतर खपली मुगाच्या सालासारखी निघाली. त्या दोन रात्री तुम्हाला फोन केला नाही, कारण बाबा पहाटेच्या एसटीने निघाले असते, साडीच्या पिशवीत माझी फाईल घेऊन. ती पिशवी अजून आहे का हो?

स्थळांचं म्हणशील, तर आई, सातारच्या लोकांना तू "थोडी सांधेदुखी आहे" सांगितलंस ते माझ्या काळजीपोटीच, मला माहीत आहे. पण आता हात दिसेल, लोक विचारतील आणि मी आजाराचं नाव घेऊन सांगेन. रागावू नकोस. पोरगी टिकायची असेल तर खरं सांगितलेल्या घरातच टिकेल.

बाकी मी ठीक. भाकरीला मावशी येतात, हिवाळ्यात बोटं आखडतात म्हणून गिझरचं पाणी वापरते, छत्री न विसरता नेते. आता तुमचं. आई, बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करायची नाही; नॉर्मल आलं ते गोळीमुळेच. जळमटं काढायला स्टुलावर चढलीस असं शेजारच्या काकूंकडून पुन्हा कळलं तर स्टूल पुण्याला घेऊन येईन. बाबा, गोळीमुळे माझ्या डोळ्यांचा पडदा दर वर्षी तपासतात, मी मुकाट्याने जाते. तुम्ही मोतीबिंदू दोन वर्षं ढकलताय. मार्चमधली तारीख घेते, कारण सांगायचं नाही.

शनिवारी येते. बाही वर करूनच आत येईन. आई, तेल गरम करून ठेव, या वेळी तूच लाव. बाबा, स्टँडवर येऊ नका, रिक्षाने येईन. यायचंच असेल तर मफलर बांधून या.

तुमची,
मनी

ता. क. आत्याला आधी सांगू नका. ती आधी किंमत विचारेल.