श्रद्धास्थानी राहणाऱ्या मनोरुग्णांपर्यंत औषध पोहोचू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी आश्रयगृहाला 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली आणि साखळदंडांनी बांधून ठेवलेले 28 मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि एरवाडीतील अशी गृहे बंद झाली. तरीही देवस्थाने, दर्गे, मठ व आश्रमांच्या आधाराने वर्षानुवर्षे राहणाऱ्या रुग्णांचा प्रश्न सुटलेला नाही, कारण तो जितका अंधश्रद्धेचा आहे तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, निवाऱ्याचा आहे.

स्किझोफ्रेनिया बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो आणि अनेकांना आयुष्यभर सोडत नाही. माझ्या थोरल्या भावाला हा आजार आहे. ‘आमच्यामागे याचे कोण पाहणार?’ हा आमच्या वडिलांचा प्रश्न मी अशा रुग्णांच्या कितीतरी घरांत ऐकला आहे. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये उपचारासाठी आहेत, जन्मभराच्या वास्तव्यासाठी नव्हेत. घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणाने कोणालाही रुग्णालयात खितपत ठेवू नये आणि शासनाने समाजात राहण्याची सोय करावी, असे 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 19 सांगते. प्रत्यक्षात मनोरुग्णालयांतील व्यक्तींना भिक्षेकरीगृहांत हलवण्याची प्रथा थांबवा, असे 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्राला सांगावे लागले. अशा स्थितीत एखाद्या मठाने दोन वेळचे जेवण आणि अंथरूण दिले, तर तेथे माणसाला सोडून येणाऱ्या कुटुंबाला अडाणी म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

श्रद्धास्थानाच्या वातावरणात काहीच गुण नसतो, असेही नाही. तामिळनाडूतील एका मंदिरात राहिलेल्या 31 रुग्णांचा अभ्यास 2002 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी सहा आठवड्यांच्या वास्तव्यात त्यांची लक्षणे जवळपास 20 टक्क्यांनी कमी झाली होती, आणि त्याचे श्रेय संशोधकांनी कोणत्याही विशेष विधीला नव्हे, तर आधार देणाऱ्या, न धमकावणाऱ्या वातावरणाला दिले. अभ्यास लहान आहे, त्यावरून औषधे बंद करावीत असा अर्थ कोणी काढू नये. पण आपुलकीने वागवले की माणूस सावरतो, एवढे तो नक्की सांगतो.

साखळीला मात्र कोणतीही सबब चालता कामा नये. 2017 च्या कायद्याच्या कलम 95 ने ती निषिद्ध ठरवली आहे, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारहाण करणे महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ हा उपक्रम सुरू झाला. मुजावर भाविकाला आपल्या पद्धतीने दुआ देतात आणि तेथेच बसणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाकडेही पाठवतात. श्रद्धा सोडण्याची अट नसल्यामुळे, एरवी मनोविकारतज्ज्ञाची पायरी न चढणारी माणसेही गोळ्या घेऊ लागतात.

आपल्याकडे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची पथके आहेत. त्यांनी रुग्ण मुक्कामी असलेल्या देवस्थानांत व आश्रमांत ठरलेल्या दिवशी, औषधांसह जावे. अशा प्रत्येक निवासाची कायद्याप्रमाणे नोंदणी व तपासणी व्हावी, आणि जे संचालक नियम पाळून माणुसकीने सांभाळतात त्यांना शासनाने अनुदान द्यावे. एखादे निवासस्थान बंद करण्याची वेळ आलीच, तर तेथील प्रत्येक व्यक्ती उद्या कोठे राहणार हे आदेशातच लिहिलेले असावे.

आपला,
एका रुग्णाचा भाऊ, सांगली