गिधाडांच्या झाडांना भाडे द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी सगळी नोकरी रायगड जिल्ह्यात गेली. मी पदवीधर डॉक्टर नव्हे, पण गावात सगळे डॉक्टरच म्हणतात. नव्वदच्या दशकात डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाची बाटली माझ्या पिशवीत कायम असे. बैल खांद्याला सुजला, गाय तापाने बसली, की सुई टोचायची. संध्याकाळी जनावर उठून वैरणीला तोंड लावी. चार जनावरे उठत, एखादे मरे. मेलेले ढोर नेहमीप्रमाणे ओढ्यापलीकडच्या माळावर टाकले जाई.

त्याच माळाच्या कडेला एकदा गिधाड पाहिले होते. मान खाली टाकून बसलेले, जवळ गेलो तरी उडाले नाही. दुसऱ्या दिवशीही तिथेच होते. तिसऱ्या दिवशी पालथे पडले होते. म्हातारे झाले असेल, असे म्हणून मी सायकल पुढे काढली. मरणाआधी दोन-तीन दिवसांत टोचलेले हे औषध ढोराच्या मांसात राहते, ते खाऊन गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात आणि आतल्या अवयवांवर चुन्यासारखा थर बसतो, हे शास्त्रज्ञांनी 2004 मध्ये जगापुढे मांडले. तोवर देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरात एकसुद्धा उरली नव्हती. माझ्या हातून किती गेली, याचा हिशेब मी करत बसत नाही. करून झोप लागणार नाही.

जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर 2006 मध्ये बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत होत्या, त्यांवर 2015 मध्ये बंदी आली. ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन या गिधाडांना तशाच घातक औषधांवर तर बंदी यायला 2023 उजाडले. मेलोक्सिकॅम हे औषध गिधाडांना बाधत नाही आणि ढोराच्या दुखण्यावरही चालते. पशुपालकांनी तेच मागावे.

पण आज लिहितोय ते झाडाबद्दल. लांब चोचीचे गिधाड कड्यावर घरटे करते, तिथे करवत पोचत नाही. पांढऱ्या पाठीच्याला मात्र उंच, जुने झाड लागते आणि आमच्याकडे अशी झाडे बहुतेक मालकीच्या जागेत आहेत. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने त्यातली कितीतरी आडवी केली. उरलेल्यांवर लाकूड व्यापाऱ्यांची नजर आहे. तोडीच्या परवानगीसाठी होणारे पंचनामे मी पाहिले आहेत. झाडाची जात लिहितात, घेर लिहितात. मान वर करून शेंड्याकडे पाहणारा कोणी दिसला नाही.

या पक्ष्याची जोडी वर्षाला एकच अंडे घालते. दोघे आळीपाळीने जवळजवळ दोन महिने ते उबवतात, पुढे पिल्लू आणखी तीनेक महिने घरट्यात असते. मधेच झाड पडले की जोडीचे ते वर्ष गेले. हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रात वाढवलेली गिधाडे 2024 मध्ये ताडोबा आणि पेंचमध्ये आणली, आनंद आहे. मात्र आमच्याकडे ती न आणताच आहेत, म्हणून त्यांच्यावर खर्च करायचे कोणाला सुचत नसावे. आमच्याच म्हसळा तालुक्यात चिरगावच्या लोकांनी घरट्यांची राखण करून दाखवली, पण दर गावाकडून फुकट राखणीची अपेक्षा धरणे बरे नव्हे.

माझी मागणी साधी आहे. घरटे असलेल्या झाडाच्या मालकाला वन विभागाने दरवर्षी झाडाचे भाडे द्यावे, पिल्लू उडाले की त्यावर थोडी बक्षिसी. आणि ऑक्टोबर ते मे या काळात वर घरटे नाही याची खात्री केल्याशिवाय उंच झाडाला तोडीची परवानगी देऊ नये.

माझ्या शेजारच्या शेतकऱ्याच्या बांधावर असाच एक बेहडा आहे. व्यापारी आठ हजार देतो म्हणाला. मी शेतकऱ्याला थांबवून ठेवले आहे. परवा तो म्हणाला, "डॉक्टर, पोरीचं लग्न मार्गशीर्षात आहे. काय ते त्याआधी सांगा."

– एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
ता. म्हसळा, जि. रायगड