ग्रॅनोला पौष्टिक खरा, पण साखरेचा हिशेब हवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आरोग्यविषयक सदरांतून ग्रॅनोलाची, म्हणजे ओट्स, सुका मेवा, बिया, मध आणि तेल एकत्र भाजून केलेल्या न्याहारीच्या पदार्थाची, शिफारस वरचेवर वाचायला मिळते. ती निराधार नाही. परंतु तो किती खावा आणि त्यात साखर किती चालेल, हे सांगितल्यावाचून ती अपुरी राहते, म्हणून हा पत्रप्रपंच.

ग्रॅनोलाचा खरा गुण ओट्समध्ये आहे. ओट्समधील बीटा-ग्लुकन हा विरघळणारा तंतुमय पदार्थ आतड्यात पाणी शोषून दाट, बुळबुळीत होतो आणि पित्ताम्ले धरून ती शरीराबाहेर नेतो. त्यामुळे नवी पित्ताम्ले तयार करण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल वापरावे लागते. दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेल्यास घातक समजले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते आणि याच आधारावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या वेष्टनावर हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो असा दावा छापण्यास परवानगी दिली. मात्र ४० ग्रॅम ओट्समधून त्यापैकी जेमतेम निम्मे मिळते, हेही ध्यानात ठेवावे. बदामातून ई-जीवनसत्त्व, भोपळ्याच्या बियांतून मॅग्नेशियम आणि जस्त मिळते. जवस मात्र भरडूनच घालावा. अख्खा दाणा बहुधा न पचताच बाहेर पडतो.

आता साखरेविषयी. वेष्टनावर घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असतात. साखर, मध, ग्लुकोज सिरप अशी गोडी तीन नावांत विभागली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकते. तिन्ही एकत्र केली तर कदाचित ओट्सखालोखाल त्यांचाच क्रमांक लागेल. मध नैसर्गिक आहे म्हणून त्याला सूट नाही, जागतिक आरोग्य संघटना तोही साखरेतच धरते. या संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार अशी साखर एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी आणि शक्यतो ५ टक्क्यांच्या आत असावी. २००० कॅलरींच्या आहारात ही मर्यादा अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होते. शंभर ग्रॅममागे २५ ग्रॅम साखर घातलेल्या ग्रॅनोलाचे ५० ग्रॅम खाल्ले, तर त्यातील कडक मर्यादेचा निम्मा वाटा न्याहारीतच संपतो. शिवाय तेल आणि सुक्या मेव्यामुळे १०० ग्रॅम ग्रॅनोलात साडेचारशेच्या आसपास कॅलरी असतात, आणि अंदाजाने भरलेल्या वाडग्यात ५० ग्रॅमचे सहज ८०-९० ग्रॅम होतात. एकदा तरी वजनकाट्यावर मोजून पाहावे.

घरी करणे माझ्या मते सर्वांत उत्तम. ३०० ग्रॅम ओट्स, १०० ग्रॅम सुका मेवा, ५० ग्रॅम बिया, ६० ग्रॅम मध आणि ४० ग्रॅम तेल एकत्र करून मंद आचेच्या ओव्हनमध्ये अधूनमधून हलवत भाजले, की शंभर ग्रॅममागे साखर सुमारे १० ग्रॅमच पडते. बेदाणे भाजून झाल्यावर घालावेत, नाहीतर ते करपतात. अशा ग्रॅनोलाचे मोठे खडे बांधले जाणार नाहीत, कारण ते काम पाकाचेच असते. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध घातलेला ग्रॅनोला देऊ नये.

आपल्या वृत्तपत्रात ग्रॅनोलाची कृती किंवा शिफारस छापताना एका वेळचे प्रमाण ग्रॅममध्ये आणि शंभर ग्रॅममागची साखर सोबत द्यावी, अशी विनंती आहे.

आपली,
एक नियमित वाचक