स्क्रूंची पिशवी जपणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

घरात आधीपासून लावलेल्या नको त्या वस्तू काढायच्या म्हणून तुमच्या आधी दोघे येऊन गेले. "भाड्याचंच घर ना? नको ते सगळं उपटून टाकू," एवढंच त्यांचं म्हणणं. दाराजवळच्या निकामी वाटणाऱ्या स्विचच्या वायरी तर एकजण कापायलाच निघाला होता. तुम्ही मेन बंद केला, प्लेट उघडली आणि स्विचमागचे तीन टर्मिनल, म्हणजे वायर जोडायच्या जागा, दाखवलेत. साध्या स्विचला दोनच असतात. तीन, म्हणजे हा टू-वे, एकच दिवा दोन जागांहून लावणाऱ्या जोडीतला, पलीकडच्या स्विचचा जोडीदार. कापला असता तर पॅसेजचा दिवाच धड लागला नसता.

छताचा हूक तुम्ही राहू दिलात. स्लॅब भरतानाच तो सळईला बांधलेला असतो. कापला की उरलेलं टोक गंजतं, गंज फुगतो आणि भोवतालचं प्लास्टर सुटतं. बाथरूममधली धरायची दांडीही राहिली. ती काढली की टाइलला भोकं पडलेली राहतात, नीट बुजवली नाहीत तर पाणी मागे मुरत जातं. शिवाय ती कुणीतरी गरजेपोटी बसवलेली. हे तुम्ही सांगेपर्यंत कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

काढायची ठरली ती एकच गोष्ट, दारामागची डोक्याला लागणारी फळी. तीही "मालकांना विचारलंत ना?" हे आधी विचारून. स्क्रू धरून ठेवणाऱ्या भिंतीतल्या गुट्ट्या हातोडीने उचकटल्या नाहीत, कारण तसं केलं की भोकाएवढं काम वीतभर होतं. गुट्टीत स्क्रू दोन-तीन आटे आत फिरवून पकडीने गुट्टीसकट सरळ ओढलात. एक गुट्टी हलेना, ती भिंतीच्या थोडी आत ठोकलीत. वर पुट्टीचे दोन पातळ हात, पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा. एकदम जाड भरली की ती आकसून तडकते.

पण मनात घर करून राहिली ती पिशवी. फळीचे स्क्रू आणि दोन्ही ब्रॅकेट तुम्ही एका पिशवीत घातलेत, वर "दारामागची फळी" असं लिहिलंत आणि पिशवी फळीच्या पाठीला चिकटवलीत. कुणी सांगितलं नव्हतं, त्याचे वेगळे पैसेही नव्हते. दुसऱ्याच्या वस्तूची इतकी कदर करणारी माणसं भेटली की परक्या घरातही निर्धास्त वाटतं.

पिशवी अजून तिथेच चिकटलेली आहे. घर सोडताना फळीसकट मालकांच्या हाती देऊ.

मनापासून आभार, काका.